दाखवा बरं, पंप कसा घेता ते

ठाण्यात वर्तकनगरला आमचं मेडिकल आहे. दुकान छोटंच, पण काउंटरच्या एका टोकाला मी मुद्दाम एक स्टूल ठेवलंय. दम्याचा पंप घ्यायला कुणी आलं की चिठ्ठी बघून औषध काढते आणि त्यांना स्टुलावर बसवून म्हणते, "आज एकदा माझ्यासमोर घेऊन दाखवा बरं." नेहमीची माणसं आता न सांगता बसतात. नवी बिचकतात. कुणी म्हणतं, "मॅडम, इतकी वर्षं घेतोय, आता काय दाखवायचंय त्यात?" कुणी आधी रस्त्याकडे बघून घेतं, ओळखीचं कुणी नाही ना म्हणून. पंप चारचौघांत ओढायची लाज आपल्याकडे अजून फार आहे. मुलीचं लग्न ठरत असेल तर आईच हळूच सांगते, "पिशवीतून द्या, आणि सोसायटीत कुणाला बोलू नका." लपवून घ्यायची गोष्ट कुणी नीट शिकवत नाही आणि कुणी नीट बघतही नाही. माझ्या मते दमा आटोक्यात न येण्याचं एक मोठं कारण इथेच आहे.

वागळे इस्टेटमधल्या कारखान्यातून निवृत्त झालेले एक काका आमच्याकडे यायचे. त्यांचा डोस दोनदा वाढवला होता, तरी रात्री उठून बसावं लागायचं. जिना चढताना धाप, पहाटे छातीत घरघर. "हे औषध काही लागू पडत नाही," असं म्हणत त्यांनी शर्टाच्या खिशातून पंप काढला. झाकण उघडलं, हलवला नाही. तोंड उघडून पंप ओठांपाशी धरला, दाबला, आणि मग श्वास घेतला. मिशीवरून, ओठांच्या कडेने पांढुरकं धुकं वर गेलं. काकांनी तोंड मिटलं, लगेच श्वास सोडला. "झालं."

"काका, तो धूर दिसला का?"

"हो. तो येतोच की."

तो धूर म्हणजेच औषध होतं. कित्येक महिने ते हवेत, मिशीवर आणि जिभेवर जात होतं, आणि छाती कोरडी राहत होती. डॉक्टरांच्या कागदावर मात्र नोंद व्हायची ती अशी: पेशंट औषध घेतोय, फरक नाही, डोस वाढवा.

यात काकांना बोल लावण्यासारखं काही नाही. पंप हे दिसायला सोपं आणि वापरायला अवघड यंत्र आहे. १९५५ साली अमेरिकेतल्या रायकर नावाच्या औषध कंपनीचे प्रमुख जॉर्ज मेसन यांच्या तेरा वर्षांच्या मुलीने, सूझीने, वडिलांना विचारलं होतं की केसांच्या स्प्रेसारखं माझं दम्याचं औषध डब्यात भरून का मिळत नाही? तिला दमा होता, आणि तेव्हा काचेच्या फवारणीचा रबरी फुगा दाबत बसावं लागायचं. वर्षभरात, १९५६ मध्ये, मोजून डोस देणारा पहिला पंप बाजारात आला. त्या मुलीचे उपकार मानावेत तेवढे थोडेच. फक्त फुगा दाबण्याचे कष्ट गेले आणि त्या जागी हात आणि श्वास एका क्षणी जुळवण्याचं कसब आलं. हे कसब कुणाला जन्मजात येत नाही. शिकवावंच लागतं.

पंपातून फवारा फार वेगाने सुटतो. आणि घशात वळण आहे. घोडबंदर रोडवर भरधाव आलेला ट्रक जसा वळणावर न वळता सरळ जाऊन आदळतो, तसे औषधाचे वेगात असलेले कण घशाच्या मागच्या भिंतीवर आदळून तिथेच चिकटतात. श्वास संथ असला की ते वळण घेऊन खाली उतरतात. कण किती बारीक हेही महत्त्वाचं. साधारण १ ते ५ मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण लहान श्वासनलिकांपर्यंत पोचतात, त्याहून मोठे तोंडात आणि घशातच राहतात. जुन्या पंपांवर झालेल्या मोजमापांत, पद्धत बरोबर असतानासुद्धा, फुप्फुसात पोचलेलं औषध सुमारे दहा टक्केच भरलं होतं. मुळात पदरात पडतंय एवढंसं. त्यात दाबण्याची आणि ओढण्याची वेळ चुकली तर उरतं काय?

म्हणून मी काकांना पहिल्यापासून शिकवलं. पंप जोरात हलवा, म्हणजे आतलं औषध आणि वायू नीट मिसळतात. ताठ बसा. आधी श्वास पूर्ण बाहेर सोडा, भरलेल्या छातीत नवा श्वास मावणार कुठे? तोंडाकडचा भाग दातांमध्ये धरा, ओठ घट्ट मिटा, जीभ मध्ये येऊ देऊ नका. आता तोंडाने सावकाश श्वास घ्यायला सुरुवात करा, आणि सुरुवात केल्यावरच दाबा. दाबल्यावर थांबायचं नाही, तीन ते पाच सेकंद तसाच संथ ओढत राहायचं. मग तोंड बंद, आणि दहा आकडे होईपर्यंत श्वास धरा. खाली उतरलेले कण तिथल्या भिंतींवर बसायला तेवढा वेळ लागतो, नाहीतर आत गेले तसे बाहेर येतात. दुसरा पफ, म्हणजे एकदा दाबल्यावर सुटणारा फवारा, घ्यायचा असेल तर अर्धा-एक मिनिट थांबून, पुन्हा हलवून.

पहिल्यांदा काकांना खोकला आला. दुसऱ्यांदा हाताची घाई झाली. मी त्यांच्या पंपासमोर बोटं उघडत आकडे मोजत होते. त्यानंतर एकदा त्यांनी घेतला आणि ओठांतून काहीच बाहेर आलं नाही. त्यांनी विचारलं, "आता काही आलंच नाही, बिघडला की काय?" पुढच्या भेटीत डॉक्टरांनी वाढवलेला डोस पुन्हा खाली आणला. औषध तेच होतं, कंपनीसुद्धा तीच.

हे एका ठाणेकर काकांपुरतं नाही. १९७५ ते २०१४ या काळात जगभर झालेल्या अभ्यासांचा एक मोठा आढावा २०१६ साली प्रसिद्ध झाला. चोपन्न हजारांहून अधिक माणसांच्या पद्धती त्यात एकत्र तपासल्या होत्या. बरोबर पद्धतीने औषध घेणारे निघाले ३१ टक्के. फवाऱ्याच्या पंपात दाबणं आणि ओढणं न जुळणारे ४५ टक्के, श्वास न धरणारे ४६ टक्के. मला सगळ्यात लागलं ते पुढचं: चाळीस वर्षांत या आकड्यांत सुधारणा नाही. नवी औषधं आली, महाग यंत्रं आली, आणि माणूस तिथल्या तिथेच राहिला. २०१७ च्या दुसऱ्या एका मोठ्या अभ्यासात तर कुठली चूक दम्याला जास्त भोवते तेही दिसलं. फवाऱ्याच्या पंपात श्वासाच्या आधी दाबणं, आणि श्वासाने पावडर ओढायच्या मशीनमध्ये पुरेशा जोराने न ओढणं, या चुका करणाऱ्यांचा दमा आटोक्याबाहेर असण्याचं प्रमाण जास्त होतं.

पावडरच्या मशीनची गोष्ट वेगळी आहे आणि ती आपल्याकडे नीट सांगितलीच जात नाही. कॅप्सूल घालून वापरायचं असंच एक मशीन, रोटाहेलर, आपल्याकडे घराघरांत आहे, कारण स्वस्त आहे आणि कॅप्सूल सुट्या मिळतात. यात फवारा नाही, वायूचा दाब नाही. आतली पावडर उडवण्याचं काम पेशंटच्या श्वासालाच करावं लागतं. औषधाचे बारीक कण लॅक्टोजच्या, म्हणजे दुधातल्या साखरेच्या, मोठ्या कणांना चिकटलेले असतात. जोराचा झटका बसला तरच ते सुटे होतात. म्हणून इथे पहिल्या क्षणापासून जोरात आणि खोल ओढायचं. म्हणजे फवाऱ्याच्या पंपाच्या अगदी उलट! आता एकाच माणसाला रोजचं औषध पावडरचं आणि धाप लागल्यावरचा पंप फवाऱ्याचा असेल, तर त्याने एक जोरात ओढायचं आणि दुसरं सावकाश. दोन्ही एकाच चिठ्ठीवर, एकाखाली एक, आणि पुढे लिहिलेलं फक्त "दिवसातून दोनदा". या घोळाला पेशंट जबाबदार नाही.

कॅप्सूल पाण्याबरोबर गिळणारी माणसंही मला भेटलीत. त्यात हसण्यासारखं काही नाही. कॅप्सूल म्हटली की आपण जन्मभर गिळतच आलोय, आणि त्यांना कुणी मशीन दाखवलेलंच नसतं. एक बाई माझ्याकडे आल्या होत्या, पोळ्यांचे डबे करणाऱ्या. दिवसभर तव्यापुढे. त्या कॅप्सूल बरोबर मशीनमध्ये घालायच्या, फिरवायच्या, आणि ओढायच्या आधी त्याच मशीनमध्ये श्वास सोडायच्या, कारण कुणीतरी सांगितलं होतं की आधी श्वास सोडा. कुठे सोडायचा ते सांगायचं राहून गेलं होतं. आतल्या पावडरला तोंडाची वाफ लागून तिचे गोळे होत होते. मशीन पारदर्शक असतं, त्याचा फायदा घ्यावा. मी त्यांना उजेडात धरून दाखवलं, कडेला पांढरी पावडर तशीच बसलेली होती. श्वास सोडताना मशीन तोंडापासून लांब धरायचं, ओढून झाल्यावर आत बघायचं, पावडर उरली असेल तर पुन्हा ओढायचं. पावसाळ्यात तर हे जास्तच सांभाळावं लागतं. जून ते सप्टेंबर आपल्या हवेत मीठसुद्धा कोरडं राहत नाही, तिथे बाटलीचं झाकण उघडं राहिलेल्या कॅप्सूलचं काय होणार? कॅप्सूल घ्यायच्या वेळीच बाहेर काढायची, बाटली लगेच बंद.

आणि हो, स्टेरॉइडचं, म्हणजे श्वासनलिकांची सूज कमी करणारं, औषध असेल तर घेतल्यावर चूळ भरून थुंकायचं. नाहीतर तोंडात पांढरे चट्टे येतात, आवाज बसतो, आणि लोक म्हणतात, पंपाने घसा खराब होतो.

स्टेरॉइड शब्दाची धास्ती आणि "पंपाची सवय लागते" ही समजूत, या दोन्हींपुढे मी अनेकदा हात टेकते, पण बोलायचं सोडत नाही. हिशोब मांडून दाखवते. साल्ब्युटामॉल हे धाप कमी करणारं औषध. त्याची एक नेहमीची गोळी ४ मिलिग्रॅमची, म्हणजे ४००० मायक्रोग्रॅम. पंपाच्या एका पफमध्ये तेच औषध १०० मायक्रोग्रॅम. गोळी पोटातून रक्तात, रक्तातून सगळ्या अंगात जाते, हात थरथरतात, छाती धडधडते. पफ जिथे हवा तिथे जातो. जास्त औषध कशात? तरी लोकांना गोळी साधी वाटते आणि पंप शेवटचा उपाय. कोजागरीच्या रात्री खिरीतून दम्याचं औषध घ्यायला लांबलांबून माणसं जातात. त्यांच्या श्रद्धेविषयी मी काही बोलणार नाही, पण खीर घेतली म्हणून रोजचा पंप बंद करू नका हे मी अश्विन लागला की प्रत्येकाला सांगते, आणि अगदी कळवळून सांगते. भारतात जगातल्या दमेकऱ्यांपैकी सुमारे १३ टक्के आहेत, पण दम्याने होणाऱ्या जगातल्या मृत्यूंत आपला वाटा ४० टक्क्यांच्या वर आहे. हे दोन आकडे शेजारी ठेवले की मला काउंटरवर घाई करता येत नाही.

आमच्या धंद्याच्या जागेवरून एक गोष्ट दिसते, जी डॉक्टरांना तितकी सहज दिसत नाही: कोण किती पंप नेतं. धाप लागल्यावर घ्यायच्या पंपात बहुतेक २०० पफ असतात. 'ग्लोबल इनिशिएटिव्ह फॉर अस्थमा' ही १९९३ पासून दम्याच्या उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणारी संस्था सांगते की वर्षाला असे तीन किंवा जास्त पंप लागत असतील तर दमा उसळण्याचा धोका वाढतो, आणि बारा किंवा जास्त लागत असतील तर मृत्यूचाही. म्हणून कुणी महिन्याच्या महिन्याला नुसता हा धाप लागल्यावरचा, आरामाचा पंप मागू लागलं की मी विचारते, रोजचा कुठाय? उत्तर बहुधा ठरलेलं: "त्याने काही फरक वाटत नाही, म्हणून सोडला." बरोबरच आहे. आरामाचा पंप काही मिनिटांत नळ्या सैल करतो, ते कळतं. रोजचा पंप सूज कमी करतो, त्याला दिवस-आठवडे लागतात, ते कळत नाही. २०१९ पासून याच संस्थेने सूज कमी करणाऱ्या औषधाशिवाय नुसत्या आरामाच्या पंपावर दमा सांभाळू नये असं स्पष्ट सांगितलंय. आता काही पेशंटना दोन्ही कामं करणारा एकच पंप देतात. आपल्याला चालेल का, हे डॉक्टरांना जरूर विचारावं.

ठाण्याच्या हवेबद्दल तक्रार करणारे रोज भेटतात आणि त्यांची तक्रार खोटी नाही. मेट्रोचं काम, डंपर, नव्या टॉवरांची खोदाई, दिवाळीतला धूर, पावसाळ्यात भिंतींना येणारी बुरशी. हे सगळं दम्याला चिथावतंच. पण हवा सुधारायला माझ्या हातात फार काही नाही. स्टुलावर बसलेल्या माणसाचा अंगठा आणि श्वास जुळवणं माझ्या हातात आहे.

डॉक्टरांचा वेळ कमी असतो, हे मी जवळून बघते. ओपीडीची रांग जिन्यापर्यंत असते. तरीही मला मनापासून वाटतं की डोस वाढवण्याआधी पंप बघायलाच हवा. मार्गदर्शक तत्त्वंही तेच सांगतात: आधी पद्धत तपासा, औषध नियमित घेतलं जातंय का बघा, मग पुढची पायरी. नुसतं "नीट घेता ना?" विचारून भागत नाही, कारण त्याला प्रत्येक जण "हो" म्हणतो. चुकीचं घेणाऱ्यालाही आपण बरोबरच घेतोय असं वाटत असतं. तोंडी सांगूनही फारसं उरत नाही. आपण करून दाखवावं, मग त्यांच्याकडून करून घ्यावं, चुकलं तेवढंच सुधारावं, पुन्हा करून घ्यावं. दोन-तीन मिनिटांचं काम. आणि एकदा शिकवलं की संपलं असंही नाही. चार ते सहा आठवड्यांत चुका परत येतात, हे अभ्यासात दिसलंय आणि मी डोळ्यांनी बघते. काकांचंच बघा, इतकं छान जमलेलं, आणि गणपतीनंतर आले तेव्हा श्वास धरणं पार विसरले होते. काकूंनीच आठवण केली, "अहो, दहा मोजा की!" घरातल्या एका माणसाला शिकवून ठेवायचं ते याचसाठी.

काहींना मात्र कितीही शिकवलं तरी जमणार नाही, आणि तिथे यंत्र बदलायला हवं. पोखरण रोडवरून येणाऱ्या एका आजींची बोटं संधिवाताने वाकलेली आहेत. पंप दाबायचा म्हटलं तर दोन्ही हात लागतात, तरी अर्धाच दाबला जातो. पावडर ओढायला जोर पुरत नाही. मी मुलाला म्हटलं, डॉक्टरांना सांगा, स्पेसर लिहून द्या, आणि दाबायला घरातलं कुणीतरी असू द्या. स्पेसर म्हणजे पंप आणि तोंड यांच्यामधली प्लॅस्टिकची नळी. फवारा आधी तिच्यात सुटतो, वेग मंदावतो, मोठे कण तिथेच अडकतात, आणि हात-श्वास जुळवायची कसरत उरत नाही. अगदी लहान मुलांना तो मास्कसकट लागतो. मास्क नाकातोंडावर घट्ट बसला पाहिजे आणि मूल रडत नसताना द्यायला हवं, कारण रडताना औषध आत फार कमी जातं. खर्चाचा प्रश्न असेल तर एक गोष्ट सांगते. १९९९ साली दक्षिण आफ्रिकेत हेदर झार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अर्ध्या लिटरच्या प्लॅस्टिकच्या बाटलीला तळाशी भोक पाडून, त्यात पंप बसवून, दम्याचा झटका आलेल्या मुलांवर तपासून पाहिलं, आणि ती बाटली विकतच्या स्पेसरइतकीच उपयोगी ठरली. डॉक्टरांना विचारून, नीट बसवून घेतली तर गरिबाघरी ती नक्की चालते.

आजींच्या मुलाने स्पेसर नेला. आठवड्याने आला आणि म्हणाला, "मस्त चाललंय, आईला रात्री झोप लागते. रोज धुऊन फडक्याने स्वच्छ पुसतो." पुसू नका, मी म्हटलं. घासून पुसलं की प्लॅस्टिकमध्ये वीज साठते आणि औषधाचे कण आतल्या भिंतीला खेचले जातात. भांडी घासायच्या साबणाच्या पाण्यात बुडवायचा, बाहेर काढायचा, तसाच उभा करून वाळवायचा. रोज नाही, महिन्यातून एकदा पुरे. त्याने मोबाइल काढून बायकोला फोन लावला, "अगं, ऐक, तो पुसायचा नाही म्हणे." पलीकडून तिने काहीतरी विचारलं आणि त्याने फोन माझ्या हातात दिला. तिला विचारायचं होतं की दोन पफ एकदम नळीत सोडले तर चालतात का, वेळ वाचेल. नाही चालत, मी म्हटलं. एक सोडायचा, तो आजींना आत घेऊ द्यायचा, मग पंप पुन्हा हलवायचा आणि दुसरा. उद्या सकाळी आजींना घेऊन तुम्हीही या दुकानात, माझ्यासमोर एकदा करून बघू.